वेंडेलचा अर्ज

वीस वर्षं ट्रक हाकून झाल्यावर वेंडेलच्या मनानं घेतलं, आता नर्स व्हायचं. पण ओहायोतल्या त्या कम्युनिटी कॉलेजच्या प्रवेशचाचणीनं त्याला थेट इंग्रजी कच्चं असणाऱ्यांच्या वर्गात बसवलं, वर रोज तासभर सक्तीची शिकवणी. वेंडेल भडकला. ‘मला या वर्गातून काढा’ असा अर्ज खरडून त्यानं तो शिकवणीच्या बाईंपुढेच आपटला.

"एवढा तपासून द्या."

नॅडीनबाईंनी लाल पेन उघडलं. "राग पोचला, वेंडेलराव. मुद्दा मात्र वाटेतच सांडला."

"अहो, सगळा मुद्दाच तर आहे!"

"मग उद्या तो पहिल्या ओळीत आणा."

दोन महिने तो अर्ज रोज नव्यानं लिहिला गेला आणि रोज लाल होऊन परत आला. शेवटी एकदाचा ऑफिसात गेला. आठवड्यात उत्तर आलं: ‘इतकं मुद्देसूद लिहिणाऱ्याला या वर्गाची गरज नाही. आमची चाचणीच चुकली.’

"बघा!" वेंडेलनं ते उत्तर बाईंपुढे नाचवलं. "पहिल्या दिवसापासून मी काय सांगत होतो?"

 

मग त्यानं हळूच खिशातून दुसरा कागद काढला. "कॉलेजला आभाराचं पत्र लिहिलंय. एवढं तपासून द्या."