दोघी लेकी हजर

टाळ्या थांबतच नव्हत्या. पुष्पलताने मात्र दोन्ही हात पदराखाली धरून ठेवले होते. समोर तिची धाकटी बहीण ज्योत्स्ना उभी होती. गळ्यात झेंडूचा हार, उन्हाने रापलेला चेहरा, ओठांवर संकोचलेलं हसू. उन्हाळाभर युगांडातल्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्सचं काम करून ती दोनच दिवसांपूर्वी बालाघाटला परतली होती. आता चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून आपला अनुभव सांगायची तिची साक्ष चालू होती.

ज्योत्स्ना हिंदीत सांगत होती. तिथे एक म्हातारी होती. तिची मुलगी दूर शहरात अडकलेली. म्हातारीने ज्योत्स्नाचा हात धरून प्राण सोडला आणि ज्योत्स्नाने तिचे डोळे मिटले. बायकांच्या रांगेत सगळ्यात आधी शेजारच्या मंजूबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

पुष्पलताच्या अंगाचा तिळपापड झाला. याच मंजूबाई महिनाभर आईच्या खाटेशेजारी बसून चहा पीत होत्या. ज्योत्स्ना गेल्यावर आठच दिवसांत आईला लकवा मारला. आईचं अंथरूण बदलायचं, तिला कुशीवर वळवायचं, चमच्याने पेज भरवायची, सांडलेली पुन्हा पुसायची. हे सगळं पुष्पलता त्यांच्या डोळ्यांदेखत करत होती आणि मंजूबाई विचारायच्या काय, तर "ज्योत्स्नाचा फोन आलता का?" तेव्हा त्यांचा रुमाल कुठे गेला होता? घरी केलं ते काम आणि विमानात बसून जाऊन केलं ती सेवा, असा या मंडळीचा हिशोब होता.

आईचा तरी कुठे वेगळा होता? वाकड्या तोंडाने, अडखळत अडखळत, येईल त्याला ती ज्योत्स्नाचंच कौतुक ऐकवायची. आणि उशी सरळ करायला पुष्पलता तिथेच उभी असायची.

जून लागता लागता आई गेली. ज्योत्स्नाला तिकीट मिळेपर्यंत माती उरकून गेली होती. मग उरलेलं काम पुरं करूनच ती निघाली. आज तिचं स्वागत आणि आईची स्मरणसभा, दोन्ही तेजराम पास्टरांनी एकाच रविवारी ठेवलं होतं. त्यातही हार ज्योत्स्नालाच पडला.

पण एक गोष्ट ज्योत्स्नाकडे नव्हती, आणि ते तिने स्वतःच कबूल केलं होतं. सकाळी चुलीपाशी बसून ती हळूच म्हणाली होती, "ताई, मले तुया हेवा वाटते. परक्याच्या मायचे डोळे मिटले म्या. आपल्या मायच्या वक्ताले नव्हती."

पुष्पलता तव्यावरची पोळी उलटवत राहिली. आतून मात्र तिला गार वाटलं. जळू दे, तिलाही कळू दे जळणं काय असतं.

"आता पुष्पलता बहन," साक्ष संपवून ज्योत्स्ना बसल्यावर तेजराम पास्टर म्हणाले.

या मंडळीची एक जुनी रीत होती. माणूस जाताना जो जवळ असेल, त्याने त्याचे शेवटचे शब्द कोणाला सांगायचे नाहीत. सगळी लेकरं जमली की स्मरणसभेत उभं राहून, सगळ्यांसमोर एकदाच सांगायचे. म्हणून पुष्पलताचं तोंड इतके दिवस बंद होतं. वाट पाहायची होती ती ज्योत्स्नाचीच.

ती उठली. सांगायचं वाक्य तिने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. 'पुष्पा, तू होती म्हणून मी सुखानं चालली.' आई असं म्हणाली नव्हती. पण खोलीत त्या दोघीच होत्या, आणि आई काही उठून येणार नव्हती. एवढं एक वाक्य आपल्या वाट्याला यावं, यात कोणाचं काय जात होतं? मंजूबाईंनी ते ऐकायला हवं होतं. ज्योत्स्नाने तर ऐकायलाच हवं होतं.

"माय बोलली..." तिने सुरुवात केली आणि तिची नजर पहिल्या बाकावर गेली.

ज्योत्स्नाने गळ्यातला हार काढून ठेवला होता. डोळे घट्ट मिटून, बाकाची कड धरून ती बसली होती. सुई टोचायच्या आधी लहान पोर बसतं तशी. पुष्पलताला मोठ्या बहिणीला साजेल अशी माया आली असं नाही. राग होताच. पण ठरवलेलं वाक्य ओठांवर येईना.

"पुष्पलता बहन?" पास्टरांनी हाक मारली.

"सांगतो," ती म्हणाली. मग पास्टरांकडे नाही, मंजूबाईंकडेही नाही, बहिणीकडे पाहत बोलू लागली. "मायले शेवटी दिसत नव्हतं. माया हात चाचपला न बोलली, 'आली का वं ज्योत्स्ना?'"

ज्योत्स्नाने डोळे उघडले.

"म्या म्हटलं, 'हौ माय, आली.' मंग तिनं माया गालावरून हात फिरवला. हासली. दुसरं काहीच नाही बोलली, अन् गेली."

"ताई..." ज्योत्स्नाच्या तोंडून एवढंच निघालं.

"रडू नको," पुष्पलता म्हणाली, आणि तिचा स्वतःचाच आवाज फाटला. "तू होती वं तिच्याजवळ. मीच नव्हती."