स्पर्शिका

विषय सोडण्याच्या अर्जावर सही घ्यायला ती सरांच्या खोलीत आली. “सर, दोनदा नापास झालेय. कॅल्क्युलस डोक्यावरून जातं.”

“मग डोकं राहू दे. डोळे मीट आणि हात पुढे कर.”

सुताराकडून नुकतीच करून आणलेली लाकडी टेकडी सरांनी तिच्यापुढे ठेवली आणि हातात पट्टी दिली. “ही तुझी स्पर्शिका. टेकवून वर सरकव.”

पट्टीचा कल कमी होत गेला आणि माथ्यावर ती आडवी झाली.

“अय्या, इथे चढ शून्य! स्पर्श करते म्हणून स्पर्शिका होय? मी नुसतीच पाठ करत होते!”

तिने अर्ज टराटरा फाडला.

“तू दोनदाच नापास गं,” सर हसत म्हणाले. “मी तीस वर्षं स्पर्शिका नुसती फळ्यावर दाखवतोय!”