वगळायचे राहिलेले झाड

"बादली खाली ठेवा, लिओनाकाकू," निरीक्षक ड्वेन म्हणाला.

लिओनाने ठेवली नाही. तिने गवतातून वेचलेल्या आंबट चेरी त्या बादलीत होत्या. मिशिगनमधल्या त्या टेकडीवर सकाळपासून यंत्र एकेका खोडाला कवटाळून गदागदा हलवत होते. खाली ताडपत्री अंथरलेली नव्हती, कारण फळे उचलायचीच नव्हती. यंदा बाजारात चेरी गरजेपेक्षा जास्त झाल्याचा शोध शहाण्यांच्या एका समितीने लावला होता. छोट्या बागांचे सगळेच पीक तिने जास्तीचे धरले. ते झाडाखाली कुजवल्याचे प्रमाणपत्र नसेल, तर पुढच्या वर्षी चेरी विकत घेणारा कारखाना त्या बागवाल्यांना दारात उभे करणार नव्हता.

त्या प्रमाणपत्राचा अर्ज लिओनाच्या नवऱ्याने, एमिलने, भरला होता. 'झाडे किती?' या रकान्यात त्या प्रामाणिक माणसाने 'सर्व' असे लिहिले. स्वयंपाकघरामागचे घरचे झाड वगळायचे त्याला सुचले नाही. त्याच्या पायाच्या अंगठ्यातला वात चाळीस वर्षे त्याच झाडाच्या फळांच्या रसाने ताब्यात राहिला, असे दोघांचे म्हणणे होते: सकाळी पाण्यातून दोन चमचे, निजताना दोन. डॉक्टर हसत. शेवटची बरणी मार्चमध्ये संपली. आता त्या अंगठ्याला चादरीचा स्पर्शही सोसवत नव्हता, आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी अंगभर पुरळ उठले होते.

"एकच बादली रे. त्याच्यापुरती. तुझ्या आजीला मीच रस पाठवायचे, विसरलास?"

"नाही विसरलो. पण बागेबाहेर एक फळ जरी गेलं, तरी अख्खा अर्ज बाद. माझ्या हातात काही नाही, काकू."

"हातात कॅमेरा आहे की."

तिने बादली उलटी केली. ड्वेनने रिकाम्या बादलीचाही फोटो काढला. तसा नियम होता.

मग त्याला राहवले नाही. तो गाडीकडे गेला आणि जेवणाच्या डब्याशेजारची बाटली घेऊन आला. "ही एमिलकाकांना द्या. माझा गुडघासुद्धा हिच्यावरच चालतो. अगदी आपल्यासारखाच रस."

लिओनाने बाटली फिरवून मागचे लेबल वाचले. फळ तुर्कस्तानातले होते. आतून एमिलचे कण्हणे ऐकू आले. तिने बाटली एप्रनच्या खिशात घातली.

"उपकार झाले, ड्वेन."

"कसले उपकार! संपली की सांगा. हल्ली बाजारात पाहिजे तेवढी मिळते, आपल्या निम्म्या भावात."