जानरावांचा मीटर

"कापड कमी भरलं, भाऊ. मीटरमागं चार बोटं तरी," असं म्हणत नगमानं शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा काउंटरवर ठेवला. परतवाड्याच्या या दुकानातून तिनं पहिल्यांदाच कापड नेलं होतं, आणि शेवटच्या कुर्त्याच्या बाह्या निघत नव्हत्या.

दुकानदार गजेंद्र चिडला नाही. त्यानं ताग्यातून लोखंडी पट्टीनं एक मीटर मोजलं आणि कापड तिच्यापुढं सरकवलं. "आता तुमचा टेप लावा, ताई."

नगमानं टेप लावला. एकोणचाळीस इंच आणि वर जरासं.

"मीटर एवढाच राहते," गजेंद्र म्हणाला. "आधी कुठून घेत होत्या तुमी?"

अचलपूरच्या जानरावकाकांकडून. नवरा गेला, मुलगी रांगत होती, तेव्हा नगमानं मशीन मांडली, आणि तेव्हापासून कापड त्यांचंच. गेल्या दिवाळीत काकांचे गुडघे गेले, काउंटरशी उभं राहणं होईना, अन् दुकान बंद झालं. दुकानात कापड मीटरनं मिळायचं, शिवताना ती इंचांत मोजायची. एकाला दुसरं लावून पाहायची वेळच कधी आली नव्हती. तिच्याकडं दर कापडातून काही ना काही उरायचंच. नगमाच्या कैचीत बरकत आहे, असं मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या. तिलाही ते पटलं होतं.

घरी येऊन तिनं कपाटातून अस्तराचं कापड काढलं. जानरावांकडून घेतलेलं, घडीही न मोडलेलं, एक मीटर. टेप लावला. बेचाळीस इंच. पुन्हा लावला. तेवढेच. बुरखा चढवून ती थेट त्यांच्या घरी गेली.

म्हातारा ओसरीत बाजेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होता.

"काका, तुमचा मीटर बेचाळीस इंचाचा काहून होता?"

जानरावांनी तेलाची वाटी बाजूला सारली. "पट्टी बरोबर होती, बाई. तुह्यासाठी मोजताना माहा हात पुढं सरकत होता."

"खैरात केली माह्यावर?" नगमानं विचारलं.

"नाई वं. पहिल्या वर्षी तू लय कापड बिघडवत होती. एक बाही लांब, एक आखूड. कापड पुरलं नसतं तं गिऱ्हाईक तुह्या दारात पुन्हा आलं असतं का? म्हणून म्या चुकाले जागा ठेवली."

नगमाला ते दिवस आठवले. बिघडलेली बाही गुपचूप फेकून किती वेळा दुसरी कापली होती. दुसरीला कापड उरलं कसं, हे तिनं तेव्हा स्वतःला विचारलंच नाही. नशीब समजून ती पुढं शिवत गेली होती. त्या शिवणावर घर चाललं, मुलगी दहावीला पोचली. शुक्रिया म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण शब्द फार तोकडा वाटला. बुरख्याच्या बाहीनं डोळे पुसून ती बाजेच्या कडेवर टेकली.

"पन काका, मंग मी तं शिकली ना. तरी तुमी थांबले काहून नाई?"

"तू शिकली," जानराव म्हणाले. "माहा हात नाई शिकला."