नव्या भट्टीची दृष्ट

जिंतूरजवळच्या फुटाण्याच्या कारखान्यात कोळशाची भट्टी काढून हायड्रोजनची बसवली, त्याचा आज पहिला दिवस. "पाण्यातून काढलेला गॅस आहे, कळ फिरवली की आपोआप पेटतो, धूर होणार नाही," एवढंच सांगून बसवणारे साहेब जेवायला गेले. राजेश्वरनं कळ फिरवली. गॅस फुसफुसत होता, पण भर उन्हात जाळ काही दिसेना, बाजूला उभं राहून आचही लागेना.

"पेटंना झालीय," तो म्हणाला.

"दृष्ट काढल्याबिगर कशी पेटंल? थांब." तिथंच चणे पाखडणारी त्याची आई, भागम्मा, मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन उठली.

"आई, बाजूला हो. गॅस नुसताच सुटायलाय, लय धोक्याचं हाय." बर्नरची भोकं बुजली का ते चाचपायला त्यानं हात पुढं केला.

तेवढ्यात तिनं मूठ ओवाळून भट्टीत टाकली.

मोहऱ्या तडतडल्या. मिठानं जाळ पिवळाधमक झाला आणि पहिल्यांदाच दिसला. मघापासून पेटलेलाच होता, राजेश्वरच्या हातापासून चार बोटं लांब.

त्यानं हात मागं घेऊन काखेत दाबून धरला.

भागम्मा रिकामी मूठ झटकत म्हणाली, "बग, केवढी दृष्ट लागली व्हती भट्टीला."