ग्यानोबाचा खरा डाव

लातूर येगळा जिल्हा झाला, पर निलंग्याकडं पाऊस आला न्हाई. चारा संपला. ग्यानोबानं शेळी विकायला काढली. इकत घेणारा पाशामियाँ न्यायला आला, तर नात चांगुणा दावं सोडंना. ग्यानोबा म्हणला, "चल, नवकंकरी खेळू. जिंकलीस तर शेळी तुझी." "आज मुद्दाम हरू नगा, आबा." म्हातारा चपापला. आजवर पोरीसाठी हरायचा, ते तिला ठावं होतं. शेळी ठिवली तर उपाशी मरंल म्हणून त्यो जीव तोडून खेळला. तरी पोरीनं त्येचे खडे एकेक करून उचलले. "ग्यानबा, छोकरीनं धुतलं की तुला!" पाशामियाँ हसला. चांगुणा हसली न्हाई. तिनं दावं पाशामियाँच्या हातात दिलं. "न्या, चाचा. आबा आजबी मुद्दामच हरले, ह्यो डाव धरायचा न्हाई." "न्हाई गं, खरंच हरलो!" ग्यानोबा शेळी दिसंनाशी होईपस्तोर सांगत ऱ्हायला. लेकराची समजूत काढल्यागत ती म्हणली, "हाव, आबा."