सलोमी सिस्टरचा व्हरांडा

"चांदणी अजून वर घे, बशीर," सलोमी सिस्टर खालून म्हणाल्या. "रस्त्यावरून दिसली पाहिजे."

बशीरनं शिडीवरूनच कामट्यांची चांदणी हातभर वर सरकवली. लाल कागद, आत शंभरचा बल्ब. मलकापूरच्या त्या गल्लीत एवढी मोठी चांदणी दुसऱ्या कुठल्या घरावर नव्हती.

नाताळ उद्यावर आला होता. सिस्टरनी स्वतः निरोप पाठवून बशीरला बोलावलं होतं आणि कारणही लपवलं नव्हतं. त्यांचा मुलगा शांतवन वर्षभरानं घरी येणार होता. व्हरांड्यात चांदणी पेटलेली दिसली तर धोका नाही असं समजून तो आत येणार, अंधार दिसला तर तसाच पुढे जाणार, असं त्यानं कळवलं होतं.

हे सगळं सिस्टर आपल्याला कशा सांगतात, याचं बशीरला नवल वाटलं. तो आणि शांतवन दहावीपर्यंत एका बाकावर बसले होते. म्हातारीला अजून ती दोस्तीच आठवत असेल, असं त्यानं मनाशी ठरवलं.

दोस्ती गेल्या साली संपली होती. शांतवनचं मोताळ्याला बियाण्याचं दुकान होतं. बशीरची रोहिणखेडला तीन एकर जमीन, आणि लग्नसराईत लायटिंगचं काम. शांतवननं त्याला बीटी कापसाची पाकिटं दिली आणि बोंडाला अळी शिवणार नाही म्हणून छातीवर हात ठेवून सांगितलं. बशीरच्या शब्दावर गावातल्या बारा जणांनी तीच पाकिटं नेली.

पाकिटं बनावट होती. ऑक्टोबरात बोंडं फोडून पाहिली तर प्रत्येकात अळी. बशीरचा धाकटा भाऊ अकरम आठ दिवस पाठीवर पंप बांधून विषारी औषध फवारत राहिला आणि नवव्या दिवशी कपाशीच्या ओळीतच पडला. जीव वाचला, नजर गेली. शांतवन दुकानाला कुलूप लावून पसार झाला. गावानं मात्र बशीरशी बोलणं टाकलं. त्याच्या बायकोला, नजमुन्निसाला, कोणी हळदीकुंकवाच्या घरी भांडी घासायलाही बोलावेना.

सिस्टर तेव्हा दवाखान्यात नोकरीवर होत्या. अकरमचे डोळे चार दिवस त्यांनीच धुतले होते.

"कसा हाय तो आता?" त्यांनी खालून विचारलं.

"भिंतीले धरून चालते," बशीर म्हणाला.

व्हरांड्याच्या कठड्यावर बर्फासारखा कापूस पसरायला सांगून त्या आत गेल्या. बशीरनं पिशवीतून किडक्या कापसाची कवडी काढली. गेल्या सालची, अळीनं पिवळी पडलेली, बाजारात कोणी हात न लावलेली. तीच त्यानं कठड्यावर अंथरली. सिस्टर बाहेर आल्या, बोटांनी ती कुस्करून पाहिली, आणि असू दे म्हणाल्या.

मग त्यांनी येशूजन्माची गव्हाण कुठे मांडायची ते दाखवलं. बशीरच्या मते ती चांदणीखाली शोभली असती. पण सिस्टरना बाजूच्या फाटकासमोरच हवी होती. त्यानं कडब्याच्या पेंढ्या ओढून तिथे रचल्या. फाटक उघडायला जागा राहिली नाही.

स्टेशनाजवळ रोहिणखेडचा निवृत्ती आणि गावातले आणखी सहा जण जीप घेऊन थांबले होते. बशीरचा एक मिस कॉल आला की ते निघणार होते. पोलिसांना मागाहून कळवायचं, आधी आपल्या हातानं, असं ठरलं होतं. वर्षभरात गावानं बशीरला जवळ घेतलं ते याच एका कामासाठी.

दिवेलागणीला त्यानं बटण दाबलं. चांदणी पेटली. अर्ध्या तासानं तोंडाला मफलर गुंडाळलेला माणूस व्हरांड्याची पायरी चढला.

शांतवन ओळखू येत नव्हता. गाल बसले होते, चप्पल दोरीनं बांधलेली होती. त्यानं बशीरला पाहिलं आणि जागीच थिजला. सिस्टरनी त्याचा दंड धरून त्याला आत नेलं, ताटावर बसवलं. बशीर दारातून बघत राहिला. त्या समोर बसून एकेक घास त्याला भरवत होत्या. रस्सा, भात, करंजी. तो रडत होता आणि त्या पदरानं त्याचं तोंड पुसत होत्या.

बशीरच्या हातात मोबाईल होता. निवृत्तीचा नंबर समोर होता. बटणावर अंगठा होता.

त्याला आपली आई आठवली. अकरमला ती अशीच भरवते.

त्यानं मोबाईल बंद करून खिशात टाकला. जेवण उरकेपर्यंत तो चांदणीखाली उभा राहिला. मग आत जाऊन शांतवनच्या कानाशी वाकला.

"गावातले पोट्टे जीप घेऊन ठेसनापाशी आले हायेत. मी अजून फोन नाही लावला, पण ते वाट पाहून कटाळतीन. तू मागच्या दारानं निघ."

शांतवन उठून मागे गेला आणि लगेच परत आला. "मागं कुलूप हाय," तो म्हणाला.

त्याच वेळी व्हरांड्यात बुटांचा आवाज झाला. जमादार आणि दोन शिपाई दारात उभे होते. शांतवननं बशीरकडे पाहिलं.

"सिस्टर, खुदा कसम," बशीर म्हणाला, "मी पोलिसाले कळवलं नाही."

सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या लेकाच्या हातावर पाणी घालत होत्या.

जमादारानं टोपी काढली. "तुम्ही साडेसातनंतर या म्हनलं, म्हणून आम्ही कोपऱ्यावर थांबलो, सिस्टर."

"हाव," सलोमी सिस्टर म्हणाल्या आणि तांब्या खाली ठेवला. "जेवण झालं त्याचं. न्या आता."